सव्वाआठचा फोन

माझी धाकटी बहीण गेली बावीस वर्षं करजणला आहे. बेळगावकडच्या माणसाला करजण म्हणजे कुठं ते चटकन कळत नाही, म्हणून सांगते. वडोदऱ्याहून भरुचच्या वाटेवर, कापसाच्या काळ्या रानातलं तालुक्याचं गाव. स्टेशनचं नाव मियागाम करजण. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोईहून इथपर्यंत लहान रुळांची गाडी आली आणि ती सुरुवातीला बैलांनी ओढली. आमचे मेहुणे बैलहोंगलकडचे, घरी कन्नड बोलणारे. कारखान्यातली नोकरी धरून ते तिकडं गेले आणि तिथंच रमले. त्यामुळं त्या घरात आईशी मराठी, वडिलांशी कन्नड आणि दारात उभ्या भाजीवाल्याशी गुजराती, असा तिहेरी कारभार चालतो. आपल्या वाचकांना त्याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांत हेच चालतं.

त्यांचा एकुलता मुलगा आठ वर्षांपूर्वी सैन्यात गेला. लहानपणी सुट्टीत आजोळी आला की पहाटे धावणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे रंगरूट बघायला माझ्या मागं लागायचा. खूळ तिथंच डोक्यात शिरलं असणार. म्हणून त्याच्या नोकरीचं थोडं पाप माझ्याही माथी आहे, असं धाकटी अधूनमधून ऐकवते.

गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर करजणला राहिले. त्या घरात रात्री सव्वाआठला सगळं थांबतं. टीव्हीचा आवाज बंद, कुकरची शिट्टी असेल तर गॅस बंद. मुलाचा फोन येतो. कधी येतो, कधी येत नाही. पण सव्वाआठ ते नऊ फोनजवळून कुणी हलत नाही. आधी वडील बोलतात.

“आराम अदीयेनप्पा? ऊटा आतेनु?”

“हूं अप्पा, आतु. आराम अदीनि.”

संपलं वडिलांचं. मग आई. “जेवलास का? काय जेवलास? थंडी किती आहे? आतून बनियन घातलास का? आवाज असा का येतोय?” या शेवटच्या प्रश्नाशिवाय तिचा फोन संपत नाही. मुलगा म्हणतो, “आई, लाईनच तशी आहे.” फोन ठेवला की धाकटी माझ्याकडं बघते. “अक्का, आवाज बसलाय की नाही त्याचा?” मला काही कळलेलं नसतं. मी म्हणते, “नाही गं, ठीक आहे.”

मी असतानाच तो वीस दिवसांची रजा संपवून परत निघाला. दिल्लीहून विमानानं लेहला आणि तिथून पुढं वर कुठंतरी. कुठं ते तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. जाताना डब्यात शेंगांच्या पोळ्या, माझ्याकडून कुंदा, मेथीचे लाडू. निघायच्या आदल्या रात्री पोरगा खोकत होता. सर्दी झाली होती. घरात लग्नाला जाऊन आलो होतो, थंड पाणी, जागरण, त्यातलंच काहीतरी.

लेहला पोचल्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी फोन आला. आईनं विचारलं, “आज काय काम होतं?” तो म्हणाला, “काही नाही. आराम. झोपूनच आहे.” तिसऱ्या दिवशीही तेच. “थोडं चाललो. परत आराम.” धाकटीचा चेहरा उतरला. फोन ठेवून ती म्हणाली, “अक्का, तो दवाखान्यात आहे. सांगत नाही आपल्याला. आठ वर्षांत कधी त्यानं ‘झोपून आहे’ म्हटलंय? फौजेत कुणाला झोपू देतात का?”

रात्रभर ती बसून राहिली. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला. मेहुणे तसे धीराचे, पण तेही पहाटे उठून जुन्या डायरीत कुठल्यातरी साहेबांचा नंबर शोधत होते. खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं. शेवटी बेळगावला आमच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त सुभेदारांना फोन लावला. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांची दोन वेळा सियाचिनला बदली झालेली. फोन स्पीकरवर ठेवला.

मामा हसायलाच लागले. “अहो बाई, पोरगं झोपून आहे ते हुकमानं झोपून आहे. उठला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरून घेतलं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतली मुलं वर आहेत, त्यांच्या आयांना उपयोगी पडेल म्हणून इथं देते.

करजण जवळजवळ समुद्रसपाटीला. लेह साडेअकरा हजार फुटांवर. तिथं हवेचा दाब आपल्याकडच्या दोनतृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला प्राणवायू तेवढाच कमी. विमानानं माणूस दीड तासात तिथं पोचतो, शरीर मात्र करजणलाच राहिलेलं असतं. त्याला यायला दिवस लागतात. म्हणून सैन्यात नियम आहे. नऊ ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात सहा दिवस. त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण आराम, पुढचे दोन दिवस सपाटीवर हळूहळू चालणं, शेवटचे दोन दिवस थोडं जास्त चालणं आणि थोडी चढण. त्यानंतर बारा ते पंधरा हजारांच्या पट्ट्यात चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. आधी वर राहून आलेला जवान लांब रजेवर खाली आला, तर परत जाताना त्यालाही हवेची नव्यानं सवय करावी लागते. आठ वर्षांची नोकरी झाली म्हणून शरीर ऐकत नाही.

हा नियम फुकट आलेला नाही. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी आपली माणसं घाईघाईनं खालून वर नेली गेली आणि शत्रूची गोळी न लागताही अनेकजण आजारी पडले, दगावले. त्यानंतर सैन्यातल्या डॉक्टरांनी या दुखण्याचा पाठपुरावा केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ दोन हजार जवानांची निरीक्षणं मांडणारा निबंध १९६९ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीवरच्या आजारांविषयी लिहिणारे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. म्हणजे आपल्या भाच्याला लेहमध्ये जी झोप मिळत होती, ती त्या पोरांनी सोसलेल्याची कमाई होती.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला उठली. एवढ्यात मामांनी सहज विचारलं, “निघताना तब्येत ठीक होती ना? सर्दीखोकला काही?”

आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं.

“थोडा खोकला होता,” मी म्हणाले.

“मग तिथं डॉक्टरला सांगितलंय ना त्यानं?”

धाकटी दारातच उभी होती. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. निघताना तिनं त्याला बजावलं होतं, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. “तिथं खोकल्याचं काही बोलू नकोस हं. उगीच रिपोर्टात लिहितील. कॅटेगरी खाली आली तर कॅडरला पाठवायचे नाहीत.” पुढच्या महिन्यात त्याचं नायकाच्या बढतीचं कॅडर होतं. दोन वर्षं तो त्याची वाट बघत होता. सैन्यात दरवर्षी तब्येतीची तपासणी होते. मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे या पाच गोष्टी बघून श्रेणी ठरते. त्याला ते ‘शेप’ म्हणतात. सगळं ठीक असेल तर ‘शेप वन’. श्रेणी खाली गेली की बढतीवर, नेमणुकीवर परिणाम होऊ शकतो, हे फौजीच्या घरातल्या म्हातारीलाही पाठ असतं. आणि म्हणूनच आपण आपल्याच पोरांना दुखणं लपवायला शिकवतो.

मामांचा आवाज बदलला. “बाई, साध्या सर्दीनं कुणाची कॅटेगरी जात नाही. औषध देतील, चार दिवस थांबवतील. पण छातीत सर्दी घेऊन वर गेला आणि गप्प बसला, तर फुप्फुसात पाणी भरतं. आम्ही बघितलंय ते.”

त्या दुखण्याला फौजेत ‘हॅपो’ म्हणतात. नव्या उंचीवर गेल्यावर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, बहुतेकदा रात्री, ते वाढतं. आधी दम लागतो, नुसतं बसलं तरी. कोरडा खोकला येतो, पुढं फेसाळ, गुलाबी थुंकी पडते. तरणाताठा, व्यायाम केलेला गडी यातून सुटतो असं नाही. उलट अंगात रग असलेला माणूस पहिल्याच दिवशी धावपळ करून अडकतो. आधीच सर्दी-पडसं असेल तर धोका वाढतो. उपाय म्हणजे प्राणवायू, औषध आणि शक्य तेवढ्या लवकर खाली उतरवणं. हेलिकॉप्टर येईपर्यंत माणसाला एका बंद पिशवीत ठेवून आत हवेचा दाब वाढवतात, म्हणजे शरीराला खाली उतरल्यासारखं वाटतं. वेळेवर कळलं तर माणूस बरा होतो. खोकला मात्र दोघांचाही सारखाच असतो, साध्या सर्दीवाल्याचा आणि हॅपोवाल्याचा. म्हणून तो डॉक्टरनं बघायचा असतो, आईनं फोनवर ओळखायचा नसतो.

सव्वाआठला आठ तास होते. तिकडून फोन लागेना. त्या आठ तासांत धाकटीनं जे भोगलं ते मी लिहिणार नाही. एकच सांगते. भाकरी थापताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “अक्का, हणमंतप्पाच्या आईला सहा दिवस काय वाटलं असेल गं?”

आपल्या भागात हे नाव समजावून सांगावं लागत नाही. लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद, धारवाड जिल्ह्यातल्या कुंदगोळ तालुक्यातल्या बेटदूरचे. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचिनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९व्या बटालियनचे दहाजण गाडले गेले. ८ तारखेला, सहाव्या दिवशी, पंचवीस-तीस फूट बर्फ कापून काढल्यावर हणमंतप्पा जिवंत सापडले. ९ तारखेला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात आणलं. अंगातलं पाणी आटलेलं, न्यूमोनिया, मूत्रपिंड आणि यकृत थकलेलं, बेशुद्धी. हुबळी-धारवाडपासून बेळगावपर्यंत देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये प्रार्थना चालल्या होत्या. ११ तारखेला ते गेले.

त्या दहाजणांत एक मराठी मुलगा होता. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी. ते नर्सिंग असिस्टंट होते, म्हणजे इतरांची तब्येत सांभाळायला त्या चौकीवर गेलेले. कुणाला दम लागला, कुणाची बोटं काळीनिळी पडली, कुणी जेवेनासं झालं, तर बघणारं तिथं पहिलं माणूस ते. आपण खाली बसून “माझ्या पोराकडं कोण बघत असेल” म्हणतो ना, त्याचं उत्तर हे आहे. कुणाचा तरी दुसऱ्याच आईचा मुलगा बघत असतो. पण तो तरी काय करणार, आपल्या पोरानं दुखणं सांगितलंच नाही तर?

सियाचिनवर १९८४ च्या एप्रिलमध्ये आपलं सैन्य चढलं आणि नोव्हेंबर २००३ पासून तिथं गोळीबार थांबलेला आहे. सुरुवातीपासूनच तिथं शत्रूपेक्षा थंडीनं, विरळ हवेनं आणि कड्यांनी जास्त माणसं नेली. कडा कोसळणं कुणाच्या हातात नाही. हणमंतप्पांच्या आईच्या हातात काही नव्हतं. आमच्या धाकटीच्या हातात मात्र होतं, आणि तेच तिला खात होतं.

सव्वाआठला फोन वाजला. रोजच्यासारखा आधी मेहुण्यांनी घेतला. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

“खोकला अजून आहे का?”

“इल्ला अप्पा, आराम अदीनि.”

“सुळ्ळ हेळब्याड मगा.”

पलीकडं शांतता. मग तो म्हणाला, थोडा आहे, रात्री जरा जास्त येतो, पण बाकी काही नाही. अजून सांगितलं नाही. आईनंच सांगू नको म्हटलं होतं.

धाकटीनं फोन ओढून घेतला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, “मी चुकले. आत्ता उठ आणि डॉक्टरकडं जा. कॅडर पुढच्या वर्षी होईल. जाऊन आलास की मला फोन कर, रात्री बारा वाजले तरी.”

साडेदहाला फोन आला. डॉक्टरांनी छाती तपासली, बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू बघितला. फुप्फुसं साफ होती. घशाची सर्दी. औषध दिलं आणि खोकला पूर्ण जाईपर्यंत खालीच थांबायचं, मग सवयीचे दिवस पुढं मोजायचे, असं सांगितलं. तो त्याच्या तुकडीच्या पाच दिवस मागून वर गेला. एवढंच झालं. कॅटेगरी गेली नाही. कॅडरही वेळेवर झालं. पण ते गेलं असतं तरी चाललं असतं, असं आता धाकटी म्हणते. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

गोष्ट इथं संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. त्याच रात्री, सगळं नीट आहे म्हटल्यावर, पोरगा म्हणाला, “आता माझा एक प्रश्न आहे. अप्पांचा रिपोर्ट काय आला?”

मेहुणे माझ्याकडं बघायला लागले. दिवाळीत त्यांच्या छातीत दुखलं होतं. ईसीजी काढला, साखर वाढलेली निघाली, डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली आणि ती त्यांनी केली नव्हती. रजेवर आलेल्या मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं होतं. गोळ्यांचा डबा वीस दिवस तांदळाच्या पिंपात होता. पण फौजीचं पोर, त्यानं तो बघितला होता.

“सगळं ठीक आहे,” मेहुणे म्हणाले.

“अप्पा, नीवू सुळ्ळ हेळब्याड्री.”

मघाशी बापानं जे म्हटलं होतं तेच मुलानं परत दिलं, फक्त मान राखून. आम्ही तिघंही गप्प. मग पहिल्यांदा मेहुण्यांनी मुलाला खरं सांगितलं. किती साखर, कुठं दुखलं, कसली भीती वाटते. वीस मिनिटं बाप-लेक बोलत होते. त्या घरात इतका लांब कन्नड संवाद मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता.

मुलगा म्हणाला, मी इथं रात्री पहाऱ्यावर उभा असतो तेव्हा हेच डोक्यात असतं, की घरी काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीत. माहीत असलं तर निदान तेवढंच माहीत असतं. नसलं तर सगळंच वाटत राहतं. अगदी हेच धाकटी त्याच्याबद्दल म्हणत होती. दोन्ही टोकांना तीच काळजी आणि मध्ये आमचं “आराम अदीनि”.

पुढच्या आठवड्यात आश्रितांचं कार्ड शोधलं. ते कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होतं. नोकरीतल्या जवानाच्या आश्रित आईवडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात, त्यासाठी मुलाच्या नोंदीत त्यांची नावं आश्रित म्हणून चढलेली लागतात. मेहुण्यांची नावनोंदणी झालेली होती, वापर कधी केला नव्हता. वडोदऱ्याला तपासणी झाली. पथ्य, गोळ्या, रोज चालणं. सध्या बरं आहे.

आपल्या वाचकांत फौजींची घरं पुष्कळ आहेत, म्हणून दोन-चार गोष्टी मोठी बहीण म्हणून सांगते. मुलगा रजेवरून परत निघताना आजारी असेल तर ते लपवायला सांगू नका. ताप, खोकला घेऊन तो उंचीवर निघाला असेल तर पोचल्याबरोबर डॉक्टरला सांगायला लावा. पहिल्या दिवसांत डोकं दुखतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, हे अनेकांना होतं. पण बसल्या जागी दम लागत असेल, तोल जात असेल, बोलणं असंबद्ध वाटत असेल तर सकाळची वाट बघायची नाही, हे त्याला माहीत आहे, तरी तुमच्या तोंडून एकदा जाऊ दे. त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि ५६ किंवा ९९ एपीओचा पत्ता घरात दोघांना तरी पाठ असू दे. कार्ड काढून ठेवा. जिल्हा सैनिक बोर्डाचं ऑफिस कुठं आहे ते एकदा बघून या. आणि तुमचं दुखणं त्याला सांगा. रडून नको, नीट सांगा.

मन कसं आहे, हेही विचारायचं असतं. ‘शेप’मधलं पहिलं अक्षर मनाचंच आहे. आपण मात्र बनियनपाशीच थांबतो.

मी बेळगावला परत आले त्याला आता बरेच महिने झाले. परवा धाकटीचा फोन होता. पोरगा नायक झाला, यल्लम्माचा नवस फेडायला रजेत येणार आहे. मी विचारलं, “सव्वाआठला आता काय बोलता?”

“तेच की. जेवलास का विचारते.” थोडं थांबून म्हणाली, “मग तो म्हणतो, आधी अप्पांची साखर सांग. ती सांगितल्याशिवाय काय जेवला ते सांगतच नाही.”